रिकाम्या नळीतला उजेड

शरणपूर रोड, तळघर, सकाळचे सव्वासहा.
निफाडला पारा चारवर उतरलाय म्हणे,
द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या होत्या.
आमच्याकडे एन्हान्सरची बाटली
नुकतीच फ्रिजमधून बाहेर आलीय,
आणि कंट्रोल खाली बसलाय.

मशीनला बोल लावू नये.
गार बाटलीतून उजेडही गारठलेला निघतो.
मी ती दोन्ही तळहातांत धरते,
अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी.
आहेर सर असते तर खेकसले असते,
"टेबलावर ठेव. अर्धा तास.
घाई तुझ्या हातांना आहे, तिला नाही."

ल्युमिनॉल एकटं पेटतं
ते सर्दलेल्या काडीसारखं. फुस्स.
मोजणारा डोळा उघडेपर्यंत
हाती काही लागत नाही.
म्हणून चिमूटभर आयोडोफेनॉल.
ते स्वतः उजळत नाही.
लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं
एन्झाइमच्या दारातून ल्युमिनॉलच्या दारात
चपला झिजवत राहतं
आणि फोटोत कुठेच नसतं.
जास्त घातलं तर उलट सगळं मंदावतं,
हेही मध्यस्थासारखंच.
पण माप बरोबर पडलं
की उजेड शेकडो पटींनी वाढतो
आणि थांबतो.
थांबतो, हे महत्त्वाचं.

बारा वर्षांत मी तो एकदाच पाहिलाय.
सरांनी ट्यूबलाइट घालवली होती,
काचेच्या नळीत निळं काहीतरी,
बोलायला लाजणारं.
बाकी सगळा उजेड पेटीच्या आत,
मला फक्त आकडे.

मी तांबट आळीतली.
वडिलांच्या ठोक्यांवर आमचं घर झोपायचं,
ठोके थांबले की जाग यायची.
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात
माझ्या ब्लँकमध्ये उजेड दिसू लागला.
रक्त नाही, रोगी नाही,
रिकामी नळी, तरी आकडा.
सरांनी माझ्या बाहीकडे पाहिलं,
मग माझ्या पाण्याच्या तांब्याकडे.
"याचा एक कण पुरतो.
तांबंही ल्युमिनॉल पेटवतं. पण खोटं."
एन्हान्सर एरवीची कुजबुज दाबून टाकतो,
तांब्यापुढे त्याचंही चालत नाही.
घरी सांगितलं तर वडील केवढे खूश,
"म्हणजे आपलं तांबं अजून चमकतंय तर!"
तेव्हापासून तांब्या दाराबाहेर.
हात तीनदा धुते.
त्यांच्या शेवटच्या आजारपणातही
तीनदाच धुतले.

सातला दहा कमी. कंट्रोल जागेवर आला.
रॅकमधली चौथी नळी:
बेबी ऑफ रंजना मोगल, चांदोरी, पाच दिवस.
नाव अजून ठेवलेलं नाही.
टीएसएच.

या चाचणीत जितका उजेड जास्त
तितकी बातमी वाईट.
आकडा चढला, चढत गेला,
मशीनच्या मापाबाहेर जाऊन उभा राहिला.
मी आधी ब्लँक पाहिला. काळाकुट्ट.
माझे हात पाहिले.
बाटलीची तारीख पाहिली.
नमुना पातळ करून पुन्हा लावला
आणि ती अठरा-वीस मिनिटं
खुर्चीत नीट टेकलेही नाही.

तोच आकडा.
खरा उजेड.

डॉक्टर म्हणाल्या, "बरं झालं, पाचव्याच दिवशी सापडलं.
गोळी आजच सुरू करू. कुस्करून, आईच्या दुधातून.
बोलेल, चालेल, शाळेत जाईल."
मग म्हणाल्या, "त्यांचा फोन मला लागत नाहीये,
तुम्ही प्रयत्न करता?"

मशीनने नळी खालच्या कॅनमध्ये टाकली.
तिथे ती अजून उजळत असणार,
झाकण उघडायची परवानगी नाही.

चांदोरीला रिंग जाते, तुटते.
पुन्हा जाते.
कुणीतरी म्हातारा आवाज, मागे बाळाचं रडणं, घोगरं.
"कोण? कुठून?"
मी नाव सांगत नाही, लॅबचं सांगते.
मोठ्याने, सावकाश, गोळीचं सांगते.
ते आत जाऊन रंजनाला सांगतात,
तिचा प्रश्न घेऊन बाहेर येतात,
मी उत्तर देते,
ते पुन्हा आत जातात.